ऐंशीच्या पुढचे

हॅलो?… चौथा मजला, पुरुष विभाग, बोला…

अगं ताई, तू होय! ड्यूटीवर असले की तोंडातून तेच निघतं. हा माझाच फोन आहे… हो, बोल ना. चादरींच्या खोलीत आहे, घड्या घालतेय.

काय रद्द केलं?

कुणी, बाबांनी?… थांब, थांब. येत्या मंगळवारचं ऑपरेशन? त्यांनी स्वतः फोन केला? आमच्या हॉस्पिटलात? आणि मला कुणी चकार शब्द बोललं नाही!… हां, खालच्या ऑफिसात केला असेल. अगं पण का? पाच महिने तो खुबा धरून बसलेत. ती तारीख मिळवायला मी कुणाकुणाच्या विनवण्या केल्या, तुला माहितीये ना? परवा तर विचारत होते, नंतर चालायला चपला कसल्या घेऊ म्हणून.

घाबरले असतील. होतं गं असं. आमच्याकडे आदल्या दिवशी पळून जातात माणसं…

नाही घाबरले? मग?

…

कुठे आले होते?

ताई, नीट सांग. सोमवारी? नगरभवनात, त्या विमा कायद्याच्या सुनावणीला?… अगं पण त्यांना एवढा जिना… शेजारच्या पोस्टमन काकांच्या गाडीतून. त्यांचीही ऐंशी उलटली की. हं. दोघांनी धरून वर नेलं… मला सांगायचं नाही, अचानक समोर यायचं म्हणून… मागच्या दाराजवळ. म्हणजे मी बोलले तेव्हा होते?

मला दिसले नाहीत गं. शपथ, नाही दिसले. समोर एवढी गर्दी. अर्धे फलक घेऊन उभे, अर्धे ओरडतायत…

हो, बोलले मी तसं… नाही, पेपरात कापून आलंय. अगं ऐक ना! पूर्ण ऐक तरी. मी म्हटलं, नव्या विम्यात ऐंशीच्या पुढच्यांची मोठी ऑपरेशनं वगळली तरी चालतील, पण त्याबदल्यात प्रत्येकाच्या घरी आठवड्यातून तीनदा नर्स गेली पाहिजे. मी इथे रोज बघते, ताई. नवा सांधा बसवून घरी पाठवतो, आणि घरी पाणी द्यायला कुणी नसतं. महिन्याभरात पाठीला जखमा घेऊन परत येतात. त्यांच्याच बाजूने बोलत होते मी…

हो. तेही म्हटलं.

‘ऐंशी वर्षांच्या माणसाला नवा सांधा बसवून आपण मिळवतो काय, दोन वर्षं?’ हो, हेच शब्द.

त्यांनी सांगितले तुला? जसेच्या तसे?… चिडून?… मटार सोलता सोलता. हं.

अगं ओरड ना माझ्यावर. तू अशी हळू बोलतेस ना, ते जास्त लागतं.

नाही, कुणी लिहून दिलं नव्हतं. बोलायला युनियननं सांगितलं, पण ते वाक्य माझंच. खरं सांगू? कागदावर नव्हतंच ते. पुढच्या रांगेतला एक माणूस सारखा ‘खुनी, खुनी’ करत होता. डोकं फिरलं माझं, निघून गेलं तोंडातून. आणि मग टाळ्या पडल्या. ताई, माझ्या उभ्या जन्मात कुणी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या माझ्यासाठी. मी ते वाक्य परत म्हटलं… हो. दोनदा. दुसऱ्यांदा तर थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

…तेवढ्यानंतर निघाले का ते?

हो, आले हं! नऊ नंबरच्या आजोबांची तोवर कूस बदला… तुला नाही गं.

हो, तुझ्या दारावर विरोधाचा फलक आहे, ठाऊक आहे मला. भावजींचं म्हणणंही ठाऊक आहे. आत्ता नको ना तो वाद. मागच्या वेळी त्यावरून दोन महिने बोललो नव्हतो आपण…

ते… हो. कायदा लागू व्हायच्या आत बाबांचं उरकून घेऊ, असं म्हणणारीही मीच. माहितीये. तू बोलून दाखवायची गरज नाही, सोमवारपासून मलाच ते… नाही, खोटं कशाला बोलू, सोमवारी आठवलंही नाही. आत्ता आठवतंय. अर्ज मीच भरला होता गं. वय एक्क्याऐंशी, माझ्याच अक्षरात. पण माझ्या डोक्यात ते ऐंशीच्या पुढचे वेगळेच होते. हे इथे, बेडवरचे. बाबा म्हणजे बाबा.

कुठे आहेत ते?… गॅलरीत. दे ना फोन.

नको, थांब! काय बोलू मी? ताई, देऊ नको, एक मिनिट, ताई…

…बाबा?

हो, जेवले… खरंच जेवले.

बाबा, सोमवारी… अहो, ऐका तरी. ते तुमच्याबद्दल नव्हतं.

…

कुणाबद्दल, म्हणजे…

माहीत नाही, बाबा.

आहे, आहे मी. नाही रडत. चादरींची धूळ असते इथे.

‘बरोबर बोललीस’ असं नका ना म्हणू. रागवा तुम्ही. वहीत शाई सांडली तर केवढं रागवायचात… काय?… तुम्ही पण? तुम्ही टाळ्या वाजवल्यात?… अर्थ कळायच्या आधी. मुलगी एवढ्या लोकांसमोर बोलतेय म्हणून… आणि दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कळला.

…

ओझं? ओझं असं मी कधी म्हटलं?… बरं, अर्थ तोच होतो. मान्य. छापखान्यात चाळीस वर्षं लोकांच्या चुकाच तपासल्यात तुम्ही, मी काय बोलणार… मग काढा ना माझी चूक.

‘आपण मिळवतो काय’ यातले ‘आपण’ कोण…

नाही. तुम्ही नव्हता त्यात. ‘आपण’ म्हणत म्हणत मी तुम्हालाच बाहेर काढलं. तुम्हाला, पोस्टमन काकांना, सगळ्यांना.

दोन वर्षं मिळाली तर काय कराल, हे मी कधी विचारलंच नाही. सांगा ना आता… जिना उतरून वाचनालयापर्यंत. एकट्यानं… एवढंच?… एवढंच.

बाबा, माफ करा मला… नाही, म्हणू द्या. घरी नर्स जावी हे मला अजूनही वाटतं, ते नाही सोडत मी. पण ते एक वाक्य मी टाळ्यांसाठी बोलले. माफ करा.

…

खरंच? ऑपरेशन करून घ्याल ना? मी आत्ताच खाली जाते. तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिली नसेल… अट? कसली अट?

पुढच्या महिन्यात, हो, दुसरी सुनावणी आहे. पण तुम्ही नाव… ताईनं नोंदवलं? आत्ता, मी बोलत असताना? काय माणसं आहात! म्हणजे तुम्ही माझ्याविरुद्ध बोलणार… अहो, वॉकर सुटायला सहा आठवडे लागतात!… बरं, वॉकर धरून बोला.

मी का लिहून घेऊ? ताई आहे ना तिथे… तिचं अक्षर वाईट, हे काय कारण झालं?… हो, बसेन. पहिल्या रांगेत बसेन.

थांबा, पेन कुठे गेलं… हं, धोब्याच्या पावतीमागे लिहिते. तीनच मिनिटं देतात बरं का, मग घंटा वाजवतात. सांगा.

‘माझी धाकटी मुलगी नर्स आहे.’ पूर्णविराम. हं. ‘ती चांगली नर्स आहे.’… बाबा, हे कशाला?… बरं बरं, भाषण तुमचं. लिहिलं. ‘तिच्या हातून किती माणसं उठून घरी गेली, ते मी…’ हं, ‘ते मी ऐकून आहे.’ पुढे?

…

‘तरीही ती चुकली.’

हो, लिहिलं… नाही, खोडत नाही.

आता ठेवते, बाबा. ऑफिस चारला बंद होतं, धावत जावं लागेल… हो, उरलेलं उद्या घरी येऊन लिहू. ठेवते.