विहाराला कुलूप

भालकीच्या स्टँडवर गुलबर्ग्याच्या बसची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक म्हातारी आपल्या धाकट्या भावावर चिडली होती.

“रामा, विहाराला कुलूप कामून लावलास?”

“अक्का, नवी मूर्ती संगमरवरी हाय. लेकरं हात लावायलीत, डाग पडायलेत.”

“लेकरं तितं माझ्याकडं वंदना शिकायला येत हुती.”

“पौर्णिमेला उघडतो की. लोकं लांबून येतेत. परवा एकानं नवस फेडून नारळ फोडला.”

“बुद्धापुढं नारळ? आन् तू बघत उभारलास?”

“त्याच्या पोराला नोकरी लागली, अक्का.”

“आपल्या बापानं घरातले देव कामून सोडले, इसरलास? तू नवा देव करावास म्हणून न्हाई.”

“मग मूर्तीचा मान ठेवू नगं का?”

“ठेव की. पर बुद्धानं दारू सोडा म्हणून सांगितलं, आन् मूर्ती आणली त्या दिशी समदे पिऊन नाचलेत.”

“ती पोरं हुती.”

“त्यात तू हुतास.”



“मग आता लेकरं कुटं बसायलेत?”

“माझ्या गोठ्यात. म्हस भाईर बांधली.”

“गोठ्यात वंदना?”

“व्हय. तुझी बायकू बी येतीय, रोज.”