दात पाहणारा डॉक्टर

मोहाडीत डॉक्टर बिघडला, ही पहिली बोंब आमच्या सखाराममामाची. मामा बैलबाजारातला दलाल. आणि बिघडला म्हणजे काय, तर नागपुरात चार दिवस कॅन्सरचं शिकून आला आणि खोकल्याच्या पेशंटलाही तोंड उघडायला लावून बॅटरी मारू लागला.

"सुई नाही, गोळी नाही, फुकटात दात पाहून राहिला," मामा म्हणे. "दात कोण पाहते गा? बैल घेणारा! हा आपल्याले एखाद्या दिवशी विकून टाकते."

मामाच्या स्वतःच्या गालात, तंबाखू ठेवायच्या जागी, भरत नसलेला फोड होता. पण डॉक्टरसमोर ओठ शिवलेले. शेवटी डॉक्टरला बैलजोडी हवी अशी थाप मारून मी त्याला दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरला म्हटलं, "जाऊ द्या साहेब, सत्तरीचा म्हातारा आहे, कायले तपासता?"

"सत्तर?" मामा उसळला. गिऱ्हाईकानं बैलाच्या वयावर शंका घेतली की बाजारात जे करायचा, तेच त्यानं केलं. दोन्ही हातांनी जबडा फाकवला, यावेळी स्वतःचा. "पाहा! एक तरी दात हालते काय?"

डॉक्टर दात सोडून गालच पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी मामा नागपूरच्या गाडीत.

वेळेवर सापडलं, म्हणून वाचला. आता तोच लोकांना दवाखान्यात धाडतो. मी विचारलं, "मामा, पटला ना डॉक्टर?"

"कायचा पटते? तो शिकून यायच्या आधी गावात एकालेही हा रोग नव्हता. त्यानंच आणला नागपुरातून! म्हणून सांगतो सगळ्यायले, ज्यानं आणला त्यालेच परत न्यायले लावा."