बिननावाची पेटी

नाही हो डॉक्टर, कॅमेरा नाहीये इथे, टाका बिनधास्त! आज तिसऱ्यांदा येताय पेटीपाशी, मी बघतेय ना टेबलावरून. चूक झाली की फॉर्म भरायचा, नाव लिहायचं नाही, पेटीत टाकायचा, सोमवारी मी उघडणार — बस्स. मागच्या सोमवारी काय निघालं माहितीय? वेफर्सचं रिकामं पाकीट! अख्ख्या बाळकुमच्या हॉस्पिटलात कोणाच्या हातून काही चुकतच नाही जणू, सगळे देवच. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा दुप्पट डोस ना? — घाबरू नका, मी नाही सांगत कोणाला. बऱ्या आहेत ना त्या आता? मग लिहा की. उद्या दुसरा कोणी तेच करेल, आणि तेव्हा पेशंट वाचेलच असं नाही.

मी? हो, मी लिहिलेलं. वॉर्डात नर्स होते, अकरा वर्षं. इंजेक्शनात मिसळायचं पाणी आणि पोटॅशियम एकाच ट्रेमध्ये, दोन्हींच्या काचेच्या कुप्या दिसायला सारख्या — आणि पोटॅशियम थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, तुम्हाला काय सांगायचं! मी नेमकी पोटॅशियमचीच उचलली. नौपाड्याचे महिपतकाका ओरडले, "पोरी, हात जळतोय!" म्हणून मी थांबले, म्हणून ते वाचले. त्याच दिवशी फॉर्म टाकला. तेव्हापासून पोटॅशियम कुलपात असतं, पुन्हा एकदाही तसं झालं नाही — हे माझ्यामुळे झालं हो, माझ्यामुळे!

नाव? नव्हतं लिहिलं. पण हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी फॉर्मच बोर्डावर लावला, सगळ्यांनी शिकावं म्हणून — आणि अक्षर ओळखलं ना सगळ्यांनी. रविवारी सुट्टी सोडून अख्ख्या वॉर्डाला ट्रेनिंग लागलं. मालन — माझ्याच वॉर्डातली नर्स, एका डब्यात जेवायचो आम्ही, तिची सुकट, माझी भाकरी — ती म्हणाली, "कल्पिता, गप्प बसायला काय झालेलं गं तुला?" मग मला इथे टेबलावर बसवलं. दोन वर्षं एकटीच जेवते. कधी कधी डबा तसाच घरी परत नेते, खोटं कशाला बोलू...

अगं बाई, हे नव्हतं सांगायचं मला! थांबा, फॉर्म खिशात का घालताय? बसा, ते स्टूल ओढा. तुम्ही नुसतं सांगा, मी लिहिते. माझं अक्षर सगळ्यांना माहितीच आहे, माझं आता आणखी काय जायचंय?

वॉर्डातून फोन आला? जा जा, पेशंट आधी. फक्त दार लावू नका हं. जेवायची सुट्टी झालीय — बाहेर सगळे बोलत असतात, तेवढंच ऐकू येतं.