गोल न करणारा शेजारी

२०१४ साली सिंगापूरमध्ये, बिशानला बसच्या रांगेत माझ्या पुढे दोन मराठी बायका उभ्या होत्या, सरिता आणि तिची मैत्रीण गार्गी. सरिताच आधी बोलू लागली.

“अगं, आमच्या वरच्या फ्लॅटमधला तो स्पॅनिश फुटबॉलवाला, इग्नासिओ. क्लबने त्याचं काँट्रॅक्ट संपवलं. कामाचा पास रद्द, महिन्याभरात देश सोडायचा.”

“अगं बाई! आणि त्याच्या मुली?”

“दोघी इथल्याच शाळेत. म्हणून आमचे धम्मानंद त्याचा रेझ्युमे करायला बसले.”

“धम्मानंदना फुटबॉल कळतं?”

“छे! त्याला विचारतात, ‘स्पेन, ग्रीस, थायलंड करत इथे आलास. दहा वर्षांत सात क्लब का बदललेस? आणि गोल किती?’ तो म्हणाला, चार.”

“दहा वर्षांत चार? मग मैदानावर करत काय होता?”

“मिडफिल्डर ना तो. मागच्यांकडून बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा. चुकलं की दोन्हीकडून बोलणी खायची.”

“म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर!”

“हे अगदी तेच म्हणाले. रेझ्युमेत तसंच लिहूनही टाकलं.”

“कमाल आहे! मग?”

“बेडोकच्या एका शाळेने कोच म्हणून घेतलं की! नवा पास आला त्या दिवशी आमच्या दारात उभा राहून ढसाढसा रडला गं.”

“आणि धम्मानंद?”

“त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, ‘आत्ताच रडू नकोस, अजून अप्रेझल व्हायचंय.’”