लेकीसाठी मोठं इंजिन

...आन् वर आळीतले लोक मलाच म्हणत्यात, 'गोजाबाई, हे समदं तुझ्या हट्टापायी झालं!' माझ्या? अवो, हट्ट कुणाचा? तुमीच ऐका आन् तुमीच सांगा. चौथी शिकलेल्या बाईला इंजिनातलं काय कळतंय म्हणत्यात. मला येवढंच कळतं की गाडी पुढं जायला पायजे, आन् चढ आला तर वर जायला पायजे. न्हाई जात? मंग तिच्या पोटात जे हाय ते भाईर काढा आन् दुसरं घाला! ह्यात काय आभाळ कोसळतंय?

तुमाला सांगते, गाडी आमची चांगल्या घरची. आमचं धनी लढाईत मिलिटरीत डायवर व्हतं, मागनं देहूरोडला येका गोऱ्या साहेबाकडं ऱ्हायलं. साहेब विलायतेला निघाला तवा म्हणाला, 'सोपान, गाडी टुमको!' बोटीत कुठं घालतो तो? म्हणून दिली. आमच्या आळीत मोटार ती पयली. मी तिला ओवाळलं, नारळ फोडला, पुढच्या दोन्ही दिव्यांना हळद-कुकू लावलं. काळी, ल्हानशी, गोल डोळ्यांची... देखणी व्हती हो! पर इंजिन? शिंप्याच्या मशिनीयेवढं! सपाटीला तुरुतुरु पळायची आन् चढ दिसला की उभी. रुसल्यावानी. धनी म्हणायचं, 'दमली गं ती.' दमली! मी पहाटंपास्नं शेण काढते, धारा काढते, भाकऱ्या थापते, मी दमत न्हाई, आन् ही लोखंडाची असून दमती व्हय?

बरं, दमली तर दमली, आमच्या थेरगावात दमायचं. पर कुठं दमली? पुनावळ्याला! माझी लेक इंद्रायणी पुनावळ्याला दिलीया. तिच्या घराच्या अलीकडं ओढा हाय, आन् ओढा वलांडला की असा उभा चढ, आन् चढावर विहीणबाईंचं घर. दिवाळीला लेक आणायला गेलो आमी मोटारीनं, थाटात. अर्ध्या चढावर गाडी उभी ऱ्हायली, मंग मागं मागं येऊन ओढ्यात बसली म्हशीवानी. शेवटाला विहीणबाईंच्या गोठ्यातनं बैल आले, आन् त्यांनी आमची मोटार ओढून त्यांच्या दारात नेली. आन् विहीणबाई, कौशल्याबाई, दारात उभ्या, मिश्रीचं बोट दातात तसंच. बोट काढलं, थुकल्या, आन् म्हणाल्या, 'काय वो विहीणबाई... आधीच हाक मारली असती तर आमची बैलगाडीच धाडली असती, तुमच्या गाडीचं वझं तरी झालं नसतं!'

हसले मी. मी! हसले! धनी माझ्याकडं बघत ऱ्हायलं, की हिला ताप आला का काय.

तर मंग लेकीला दिवस गेले. पयलं बाळंतपण, ते म्हायेरी व्हायचं. हे काय मी काढलंय व्हय? जगाची रीत हाय. मी निरोप धाडला, सातव्यात न्यायला येते. उलट निरोप काय आला? विहीणबाईंचाच आवाज ऐका: 'सुईण म्हणाली पोरगी नाजूक हाय, बैलगाडीचे हिसके सोसायचे न्हाईत. आन् त्या तुमच्या डबड्यात मी माझी सून बसवायची न्हाई. मोटार तिच्या तिच्या ताकदीनं चढून माझ्या दारात आली तर खुशाल न्या. न्हाईतर बाळंतपण हितंच करीन, मला काय हात न्हाईत?'

हात हायेत! हात सगळ्यांनाच असत्यात! पर तुमाला सांगते, माझा बाप मी ल्हानपणीच गमावला, मला न्यायला कोणी आलं न्हाई, माझं पयलं बाळंतपण सासरीच झालं. बाळ झालं, आन् पाचवी पुजायच्या आधी मी जात्यावर बसले व्हते. दळता दळता बाळ रडायचं, मी बी रडायची, आन् पीठ वलं व्हतंय म्हणून सासू वरडायची. तवाच ठरवलं, माझ्या लेकीला मी आणणार. तिला शेकणार, तिला खाऊ घालणार, तिला पाय पसरून झोपू देणार. ह्या चढापायी ती तिकडं ऱ्हाणार? उठले, पदर खोचला आन् धन्यांना म्हणाले, 'गाडी चढणार म्हंजे चढणार!'

धनी म्हणालं, 'अगं, इंजिन ल्हान हाय.'

'मंग मोठं घाला.'

'ते काय भोपळ्याचं बी हाय का, मोठं घाला म्हणती ते?'

आता आमच्या शेजारी ज्योतीराम म्हणून येक सातारकडचा गडी ऱ्हायला आला व्हता, मिलिटरीच्या वर्कशॉपात कामाला. बोलायला असा की रेल्वे बी त्यानंच जोडली असंल. 'वहिनी, इंजिन बसवणं माझ्या डाव्या हाताचा मळ!' मी म्हणाले, मंग डावा हात धुऊन ये. भंगारात पडलेल्या येका ट्रकाचं इंजिन त्यानं हुडकलं. भंगारवाल्याला माझ्या म्हशीची पारडी आवडली व्हती, पारडी दिली आन् इंजिन घेतलं. धनी पारडीसाठी हळहळलं. मी न्हाई. पारडी चढ चढून लेक आणणार व्हती का?

इंजिन आलं बैलगाडीतनं... आन् मी बघतच ऱ्हायले. केवढं वो ते! मोटारीच्या शेजारी ठेवलं तर मोटारीचं थोरलं भावंड दिसायला लागलं. आता हे उचलायचं कसं? ज्योतीराम म्हणाला, 'वर्कशॉपात आमाला साखळीचा घोडा असतो.' मी म्हणाले, आमच्याकडं बैल हायेत. विहीर हाय, मोट हाय, चाक हाय, नाडा हाय. भरलेली मोट वर येती, तर इंजिन येणार न्हाई?

माझी अक्कल ती! कबूल करते. पर सुरवातीला सगळे म्हणाले, 'वा, गोजाबाई, डोकं हाय!' मोटारीचं नाक विहिरीच्या काठाला लावलं, चाकांना धोंडे लावले, वरच्या चाकावरनं नाडा आणून जुनं इंजिन बांधलं, बैल धावंच्या उतारावरनं खाली चालले, आन् जुनं इंजिन सुईनं काटा काढावा तसं वर! सगळी आळी टाळ्या वाजवाया लागली. ते उतरवलं बाजूला. मंग मोटार मागं घेतली, काठावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर नवं इंजिन, त्याच्या समद्या तोंडांना मी जुन्या लुगड्याचे बोळे ठासले, माती जायला नको म्हणून. नाडा बांधला. बैलांवर माझा दीर, कोंडाजी. मोट हाणण्यात त्याचा हात धरणारा कोणी न्हाई. बैलांनी ओढलं, इंजिन उचललं, अधांतरी डुलाया लागलं. फळ्या काढल्या. आता मोटार पुढं लोटायची, तिच्या नाकात इंजिन हळू सोडायचं, झालं!

पर बैल धावंच्या टोकाला पोचले.

तुमी मोट बघितलीया न्हवं? बैल टोकाला पोचले म्हंजे मोट वर आली, वतली, आता मागं फिरायचं आन् ती खाली सोडायची. बारा वर्सं हेच करत्यात ते. त्यांना काय ठाऊक, मोटंच्या जागी काय बांधलंय! आन् कोंडाजी... अवो कोंडाजीला तरी ठाऊक असावं का न्हाई? नाड्यावर बसला की त्याला गाणं सुटतं! तान घेतली त्यानं अशी लांबलचक... आन् बैल आपले मागं मागं मागं... आन् इंजिन सुऽऽऽर्र... धबाक्! विहिरीत!

मी वरडले, 'कोंडाजीऽऽ!' ज्योतीराम वरडला, धनी वरडलं, आळी वरडली. कोंडाजीला वाटलं, गाणं आवडलं! त्यानं दुसरं कडवं घेतलं. बैल पुढं चालले, इंजिन पाणी गाळत वर आलं, आमी धावलो धरायला... तवर बैल मागं. धबाक्! तिसऱ्यांदा वर आलं तवा मी स्वतः बैलांच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले, शिंगं धरून. मंग थांबले. कोंडाजी म्हणतो कसा, 'वैनी, मोट आज लई जड वाटली!'

ज्योतीराम मटकन् खाली बसला. 'संपलं वहिनी. पाणी गेलं म्हंजे इंजिन मेलं.' मी म्हणाले, 'म्हस रोज डुंबती, मरती का? बोळे मारलेत मी ठासून. उठ!' धनी म्हणालं, 'आता ऱ्हाऊ दे गं... हुईल बाळंतपण तिकडं.' मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पाना घेऊन आले. गाडी चढणार म्हंजे चढणार!

इंजिन उघडलं. बोळ्यांनी निम्मं पाणी थोपवलं व्हतं, निम्मं गेलंच व्हतं आत. समदे भाग अंगणात गोधडीवर वाळत घातले, येका बाजूला माझे सांडगे, येका बाजूला इंजिनाची चाकं न् दांडके. मी काठी घेऊन बसले मधी, शेळी यायला नको. येणारी-जाणारी बाई इचारायची, 'काय घातलंय गं ह्या वर्षी?' मी म्हणायची, 'लोखंडाच्या कुरडया! तळायला ये!'

वाळलं, जोडलं, तेल पाजलं. ह्या वेळी बैलांऐवजी आळीतले आठ गडी नाड्याला, आन् कोंडाजीच्या तोंडात भाकरीचा तुकडा, गाणं निघायला नको म्हणून. बसलं इंजिन मोटारीत! बसलं म्हंजे... मावलं न्हाई हो. पुढनं पत्रा कापला, मागनं धन्यांच्या पायाची जागा गेली. गुडघे कानाला लावून बसायचं, भजनात बसल्यावानी. खाली बाभळीचे दोन ठोकळे, त्यावर लोहारानं पट्ट्या मारलेल्या. वरचं झाकण लागंना, तर मी न्हाणीचं पत्र्याचं दार काढून दिलं. न्हाणीला मागनं लुगडं बांधलं, चार दिस आंघोळी लुगड्याआड. कोणी कुरकुरलं का? कुणाची मजाल व्हती!

चालू केलं... तुमाला सांगते, कोंबड्या उडून छपरावर गेल्या. शेजारच्या म्हाताऱ्या दुर्गाबाई, ज्यांना ढोल वाजवला तरी ऐकू येत न्हाई, त्या दारात आल्या न् म्हणाल्या, 'कोण आलंय?'

निघालो. धनी गुडघे कानाला लावून, मी बाजूला, ज्योतीराम पायरीवर पाण्याचा डबा घेऊन, कारण इंजिन तापलं की त्याला पाणी पाजायचं. ओढा आला. वर चढ. चढाच्या टोकाला, बघा, सगळं पुनावळं गोळा झालेलं, आमचा आवाज पार शिवंपास्नं ऐकून. आन् मधी कौशल्याबाई, कमरंवर हात. धनी म्हणालं, 'थांबू का जरा, दम घेऊ दे तिला?' मी म्हणाले, 'तुमी थांबलात तर मी उतरून ढकलीन, आन् तुमाला बी ढकलीन!' दाबला त्यांनी पाय... आन् काय सांगू! गाडीनं अशी उसळी घेतली, न्हाणीचं दार धडधडाया लागलं, धूर, धूळ, ज्योतीराम वरडतोय 'वहिनीऽऽ', मी डोळे मिटून घेतले आन् मनात म्हणत व्हते, इंद्रे, आले गं, आले... आन् चढली! तिच्या तिच्या ताकदीनं! बैल न्हाई, दोर न्हाई, चढली!

चढली, पर थांबंना. ब्रेक साहेबाच्या इंजिनापुरते, आन् इंजिन ट्रकाचं! कोणाला सुचलं व्हतं ते? सगळं डोकं चढण्यात! पुनावळं दोन्हीकडं फाकलं, आमी विहीणबाईंच्या अंगणातनं, तुळशीला वळसा घालून, थेट कडब्याच्या गंजीत. भस्स! आन् सगळं शांत.

कडबा बाजूला केला तर समोर इंद्रायणी. पोटाला दोन्ही हात लावून हसतीया. डोळ्यांतनं पाणी येस्तवर हसतीया. 'आये... अगं आये... काय गं तू!' तिच्या केसांत बी कडबा, माझ्या बी. मी म्हणाले, 'न्यायला आले.' आन् तिच्या केसांतला कडबा काढाया लागले.

कौशल्याबाई आल्या. मोटारीला येक फेरी मारली. न्हाणीच्या दाराची कडी वाजवून बघितली. मिश्रीचं बोट काढलं, थुकल्या, आन् म्हणाल्या, 'चढली. मी शब्द मोडत न्हाई. न्या.'

जितले! तुमाला सांगते, त्या घडीला मी जितले व्हते! तिथंच निघायला पायजे व्हतं. पर आमचं धनी... कधी न्हाई ते फुशारलं. म्हणालं, 'विहीणबाई, इंजिन असलं हाय, आणखी चार माणसं बसली तर ह्याला पत्ता लागायचा न्हाई!'

कौशल्याबाई म्हणाल्या, 'आस्सं?' आत गेल्या. भाईर आल्या ते गाठोडं काखंत. 'मंग मी बी येते. पोरीच्या बाळंतपणाला येक जाणतं माणूस पायजेच. तुमी येकट्या काय काय बघणार?'

येताना चढाचा झाला उतार. मागं बाभळीचा ओंडका दोरानं बांधला, तो घसटत घसटत गाडीला धरून ठेवत आला. लेकीला येक हिसका बसू दिला न्हाई आमी. सुखरूप आणली घरी.

नात झाली. गोरी, टपोरी. लेक पाय पसरून झोपती, पोटभर खाती, अंगावर तेज आलंय. कौशल्याबाई? त्या बी पाय पसरून झोपत्यात! डिंकाच्या लाडवात डिंक कमी, शेगडीत इस्तू जास्त, मी धुरी देते ती वाकडी... सगळं त्यांना दिसतं. बारसं झालं. मी हळूच म्हणाले, 'विहीणबाई, घरी तुमची गुरं वाट बघत असतील.' तर म्हणाल्या, 'कशाची घाई? आता काय, तुमची मोटार चढती न्हवं? हवं तवा जाता येतं, हवं तवा येता येतं.'

हवं तवा येता येतं!

आता सांगा, हट्ट कुणाचा? माझाच. बरोबर हाय. इंजिन धाकटंच ठेवून, विहीणबाईंची नजर चुकवून चढाला नुसतं जरा हातानं ढकललं असतं ना... तर लेक येकटीच आली असती.