बाईसाहेब आणि बेशरम

डॉक्टर : शेळी चारही पाय फाकवून उभी आहे, मान सारखी हलतेय, आणि तुम्ही म्हणता हिला काही झालेलं नाही?

काका : मान डुलवते हो ती. खुशीत असली की डुलवते.

काकू : काल या बाईसाहेब खुशीत पाण्याच्या घमेल्यात पडल्या.

काका : तू मध्ये बोलू नकोस.

डॉक्टर : खायला काय घालता?

काका : गवत, भुसा, थोडी पेंड. सगळे घालतात तेच.

डॉक्टर : मग ही तुमच्या खिशात तोंड का खुपसतेय?

काका : माया! माझ्याशिवाय कुणाला विचारत नाही.

काकू : खिसा उलटा करा.

काका : अगं, डॉक्टरांसमोर काय...

काकू : करा म्हणते ना!

(काका खिसा उलटा करतात. मूठभर हिरवी पानं खाली पडतात. शेळी झेपावते, डॉक्टर पानांवर पाय ठेवते.)

डॉक्टर : ही तर बेशरमाची पानं! त्या मागच्या कुंपणाची ना?

काका : दोन-चारच देतो. आधी तोंड लावत नव्हती. एकदा चव लागली आणि मग माझ्या मागे मागेच फिरायला लागली.

डॉक्टर : फिरणारच. व्यसन लागलंय तिला. मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातलं झुडूप आहे हे.

काकू : म्हणजे माझ्या कुंडीतल्या निळ्या फुलांचे भाऊबंद?

डॉक्टर : हो. खटल्याचं घर आहे ते. कुणाच्या बियांत डोकं फिरवणारं रसायन, कुणाच्या मुळांत जुलाब. रताळंही त्यांच्यातलंच.

काका : बघा! रताळं तर आपण आवडीनं खातो.

डॉक्टर : रताळ्याच्या पुण्याईवर याला सोडवू नका. याच्या पानात स्वेन्सोनिन नावाचं विष असतं. त्याची घडण एका साखरेसारखी, म्हणून पेशी फसते. पेशीत साखरेच्या साखळ्या तोडणारं एक एन्झाइम असतं. ते याला साखर समजून धरतं आणि तिथंच अडकून बसतं.

काकू : गिरणीत खडा गेल्यासारखं.

डॉक्टर : अगदी तसंच. पुढचं सगळं दळण तुंबतं. न तुटलेली साखर साठते, मेंदूतल्या पेशी फुगतात, मग तोल जातो.

काका : इतकं साधं दिसणारं झाड हे सगळं करतं?

डॉक्टर : झाड नाही, झाडात राहणारी एक बुरशी करते.

काकू : म्हणजे नाव घरमालकाचं आणि उद्योग भाडेकरूचे!

काका : थट्टा पुरे. ती वाचेल ना?

डॉक्टर : आजपासून एकही पान मिळालं नाही तर बरीच सावरेल. उशीर केलात तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही. कुंपण मुळासकट काढा.

काका : काढतो. उद्यापरवा.

काकू : आज का नाही?

काका : कामावरून निवृत्त झालो तेव्हापासून मला बघून धावत येणारं या घरात ही एकटीच आहे. ती पानांसाठी येत होती, कळलं. पण रिकाम्या हातानं गेलो आणि तिनं तोंड फिरवलं तर?

डॉक्टर : काही दिवस फिरवेल, काका. खोटं कशाला सांगू?

काका : तेच तर.

काकू : इतकी वर्षं तुम्ही संध्याकाळी घरी येताय. हातात काय आणलंय ते बघून मी कधी दार उघडलंय का?

काका : ... कुदळ कुठे ठेवलीयस?