आपली सुअत

(दुपार. फुटबॉल स्टेडियमचे माळी थुओक काका मैदानावर पांढऱ्या रेषा मारताहेत. क्लबच्या ऑफिसातली न्यान जवळ येऊन उभी राहिली आहे.)

— काका, रेषा राहू द्या. काल फोनवर सांगितलं होतं ना, आपली सुअत देऊन टाकली म्हणून.

— ऐकलं की. म्हणून तर स्वयंपाकाच्या बाईंना म्हटलं, आज भात टाकू नका, पोरांची सुअत दुसरीकडे सांगितलीय.

— जेवणाचा वाटा नाही हो. लीगमधली सुअत. आपली जागा.

— एकच शब्द कशाला ठेवलाय दोन्हींना? मला भाताचं ताटच आठवणार.

— मालकांनी ती समुद्राकाठच्या प्रांताला दिली. आता नाव त्यांचं, मैदान त्यांचं.

— पण फर्स्ट डिव्हिजनमध्ये पहिले आलो ना आपण? दुसरा नंबर असता तर आणखी एक सामना खेळावा लागला असता. पहिला आला की सरळ सगळ्यात वरच्या व्ही-लीगमध्ये, हे तूच सांगितलंस.

— जागा व्ही-लीगमध्येच चाललीय, काका. आपल्याला सोडून.

— आणि पोरं?

— सतरा जण सकाळच्या बसने तिकडेच गेले. कॅप्टन तुम्हाला शोधत होता.

— मी गवताला पाणी देत होतो. वरच्या लीगचे तपासणीवाले येणार म्हणून. एकतीस वर्षं झाली, न्यान. बायको दवाखान्यात होती तेव्हाही पाणी चुकवलं नाही, ते एवढ्यासाठीच. फार वाईट वाटतंय गं.

— मलाही. तपासणीच्या अर्जात स्टँडमधल्या खुर्च्या मीच मोजून लिहिल्या होत्या.

— मग आता परत फर्स्ट डिव्हिजन?

— ती जागाही गेली. संघ नव्याने उभा करायचा तर तळातून. आधी थर्ड डिव्हिजन, मग सेकंड, मग फर्स्ट.

— म्हणजे माझ्या हयातीत नाही.

— असं नका बोलू.

— खेळणार कोण?

— बाजारातला मटणवाला ख्वे येतो म्हणालाय. डाव्या बाजूला.

— त्याचा गुडघा गेलाय.

— माहीत आहे.

— थर्ड डिव्हिजनला गवत किती उंच लागतं?

— तिथे तपासायला कोणी येत नाही, काका.

— मग दोन बोटंच ठेवतो. आत्ता आहे तेवढंच.